गोरक्षणातली ससी

पेटीत आंबे असतील, हे मी कुणाला न विचारता ठरवून टाकलं. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच चुका अशाच झालेल्या आहेत, पण या चुकीत पायावर काठी बसली म्हणून ती नीट लक्षात राहिली.

युद्धाच्या दिवसांतली गोष्ट. आषाढ सरत आला होता. गोंदियाच्या गोरक्षणाच्या फाटकात झाकणाची एक वेताची पेटी ठेवलेली दिसली. स्टेशनाकडच्या बंगल्यातल्या रेल्वेसाहेबाचा खानसामा ती ठेवून, एक शब्द न बोलता निघून गेला होता. साहेब कायमचा विलायतेला निघाल्याचं मला ठाऊक होतं. जाणारा माणूस गोरक्षणाला काही देऊन जातो, आणि शेवटचे आंबे अजून बाजारात होते, एवढा विचार मला पुरला. मी झाकण जरासं उचललं आणि हात आत घातला. हाताला काहीतरी ऊबदार, केसाळ लागलं. आणि ते हललं.

"घूस! घूस!" मी इतक्या जोरात ओरडलो की आतल्या दोन म्हशी दावं तोडायला निघाल्या.

आमचा ढोरकी, म्हणजे गोरक्षणातली गुरं सांभाळणारा म्हातारा, काठी घेऊन धावत आला. पहिला फटका झाकणावर बसला, दुसरा माझ्या पायावर. तिसरा बसायच्या आत पेटी कलंडली आणि दोन पांढरेशुभ्र ससे बाहेर येऊन चिखलात बसले. डोळे लाल. पळालेही नाहीत. नुसते बसून थरथरत होते.

ढोरक्यानं उगारलेली काठी तशीच धरली. "हे काय होय जी बाबू? सशाचं भूत होय का?"

आमच्याकडचा ससा धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत असतो, मातीच्या रंगाचा. दिसला न दिसला तोच पसार. पांढरा ससा आम्ही दोघांनीही कधी पाहिला नव्हता.

गोरक्षणाचा नियम असा होता की फाटकात सोडलेलं जनावर परत पाठवायचं नाही. भाकड गाय येवो, लंगडा गोऱ्हा येवो, त्याला आत घ्यायचं. सशांबद्दल नियमात काही नव्हतं, त्यामुळे नियम त्यांनाही लागू झाला. मी तिथला चिटणीस होतो. दिवसभर राईस मिलमध्ये कारकुनी करायची आणि संध्याकाळी हे फुकटचं काम. मला अक्षर बरं होतं आणि नाही म्हणता येत नव्हतं, या दोन गुणांवर माझी निवड झाली होती. सशांची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली.

तेव्हापासून मी घाबरायला लागलो.

गाईला दुखलं तर ती हंबरते. बैल पाय आपटतो. शेळी तर न दुखताही ओरडते. ससा काहीच म्हणत नाही. तो भ्यालेला आहे, आजारी आहे की नुसता बसला आहे, हे मला कधी कळलं नाही. मग त्याच्या वाटची भीतीही मीच बाळगू लागलो. बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण करून त्यांना कोपऱ्यात ठेवलं. दिवसा घारीची धास्ती, संध्याकाळी मांजराची, आणि कुत्र्यांची तर आठही प्रहर. माणसांचीही भीती होतीच. येणारा प्रत्येक जण कुंपणापाशी उभा राहून आधी "वा, काय गोजिरवाणे!" म्हणायचा, आणि मग हळूच, "वजनाले किती भरत असन हो?"

पण खरं संकट भल्या माणसांकडून आलं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी लोक गुरांना घास भरवायला आले. भिजवलेले चणे, गूळ, पुरणाचे उंडे. गाईंचं झालं की उरलेलं सशांना. पुण्यात भेदभाव नको म्हणून म्हाताऱ्या बायकांनी कुंपणावरून गूळचणे ओंजळीनं टाकले. मीही टाकले. सशांनी खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाचं पोट ढोलासारखं फुगलं, आणि तो कोपऱ्याकडे तोंड करून बसला. ढोरक्यानं गुरांना पाजतो तसं तेल पाजायचा प्रयत्न केला. संध्याकाळपर्यंत ससा आडवा झाला. मरतानाही तो काही बोलला नाही.

उरली एक. ती ससी आहे हेदेखील आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती गवतच जास्त खायची म्हणून वाचली असावी. मी कुंपणाला वरूनही तट्टा घातला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडून "उपास आहे तिला" असं सांगू लागलो. श्रावणात हे कारण लोकांना पटायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मिलमधून गोरक्षणात पोचलो, तर ढोरकी कुंपणापाशी उभा होता. ससीच्या पोटाचे केस गेले होते. छातीखाली गुलाबी कातडी उघडी पडली होती आणि कोपऱ्यातल्या तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, पांढऱ्या केसांचे पुंजके पडले होते.

"खरूज," ढोरकी म्हणाला. "गाईले होते तशीच. लागट रोग आहे बाबू, आज हिले, उद्या साऱ्यायले."

मीही पाहिलं. केस गळलेले, कातडी उघडी. मला खरजेचं जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं जुळत होतं.

तेवढ्यात शेठजी आले. ते गोरक्षणाचे अध्यक्ष, धानाचे मोठे व्यापारी. रागावले नव्हते, घाबरले होते, आणि घाबरलेला अध्यक्ष जास्त वाईट. "बाबूजी, कल पोला है. सारे बैल यहीं मैदान में खड़े होंगे. एक भी बैल को खुजली लगी तो लोग मुझे नहीं छोड़ेंगे. इसको आज ही बाहर करो."

बाहर म्हणजे कुठे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. भिंतीपलीकडे पडीत जागेत एक खोपट होतं. लागट रोगाचं जनावर तिथे बांधायचं, गुण आला की आत आणायचं. गाईबैलांना ते ठीक होतं. मागच्या पावसाळ्यात मात्र तिथे एक वासरू ठेवलं होतं, आणि सकाळी नुसतं दावं सापडलं होतं. कोल्हे भिंतीपर्यंत यायचे.

"मी घरी नेतो," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून गेले याचं मला शेठजींपेक्षा जास्त आश्चर्य वाटलं.

गुरांच्या खरजेचा रिवाज ठरलेला. जनावराला करंजाचं तेल चोळायचं आणि खालचं अंथरूण जाळायचं. पण गोरक्षणात तणसाचे ढीग रचलेले, तिथे काडी ओढायची मनाई. म्हणून ढोरक्यानं ससीच्या कोपऱ्यातलं तणस केसांसकट फावड्यानं उचललं, पोत्यात कोंबलं, पोत्याचं तोंड बांधलं आणि माझ्या खांद्यावर दिलं. दुसऱ्या हातात पेटी. ढोरकी लगेच बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायला वळला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचा तो मान चुकवून चालत नाही.

घर फार लांब नव्हतं, पण तशी वाट मी पुन्हा चाललो नाही. बाजारातली दोन कुत्री मागे लागली. पेटीतून आवाज नाही, ससी मेली की काय, म्हणून मी थांबून झाकण उघडायचो, की कुत्री जवळ यायची. त्यांना हाकलायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून ते पोतंच मी गरगर फिरवलं. एकदा तर कुत्र्याच्या पुढ्यात जमिनीवर आपटलं.

दारात बायको उभी होती.

"का जी, हे काय आणलं?"

"पाहुणी."

"पाहुणीले काय झालं?"

"खरूज."

तिनं पोरांना मागे ओढलं. "हात लावू नोका रे कोनी! अन् तुमीबी तिकडंच उभे राहा, आंगनात. सनाच्या तोंडावर खरूज घरात!"

ससीला मी धान ठेवायच्या रिकाम्या खोलीत सोडलं. ती खोलीभर फिरली, कोपरे हुंगले, पुन्हा फिरली. तिला एका जागी बसवेना. मला वाटलं, खाज. अंगणात पोतं रिकामं केलं, काडी ओढली. तणस दमट. धूरही निघेना. काड्यांची पेटीही दमट. मग मी आत ओरडून घासलेट मागितलं.

युद्धात घासलेट मागणं म्हणजे घरात भांडण मागणं. "दिव्याले पुरत नाही, अन् तुमाले गवत जाळाले पायजे?" असं म्हणत बायको बाहेर आली. खरंच जळत नाही का, हे पाहायला तिनं तणसात हात घातला. माझ्या बोलण्यावर तिचा कधीच विश्वास नव्हता, देवाची कृपा.

"थांबा," ती म्हणाली. "हे आतून गरम काऊन आहे?"

"ओलं तणस आतून तापतंच," मी शहाणपणा केला आणि पुढची काडी ओढली. ही मात्र पेटली.

बायकोनं केसांचा एक पुंजका अलगद बाजूला केला. मग माझ्या हातातली काडी फुंकून विझवली.

केसांच्या मऊ गादीत पिल्लं होती. बोटाएवढी, उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली. एकमेकांत तोंडं खुपसून पडलेली. एक कडेला सुटून पडलं होतं, ते हलत नव्हतं.

पोतं गरगर फिरवलं होतं मी. जमिनीवर आपटलं होतं.

"खरूज म्हने!" बायको म्हणाली. "आपल्या अंगाचे केस उपटून बाई लेकरायले गादी करून राहिली होती. अन् तुमी साऱ्यायनं मिळून तिले खरूज लावली."

सुटलेलं पिल्लू तिनं तळहातात घेतलं आणि चुलीपुढे जाऊन बसली. फुंकर घालत, दुसऱ्या हातानं झाकत. मी बाकीची पिल्लं केसांसकट टोपल्यात ठेवून ससीच्या खोलीत नेली. मला वाटलं, आई धावत येईल. तिनं टोपलं हुंगलं आणि पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसली.

त्याहून मोठी भीती मला कशाची वाटलेली आठवत नाही. माणसाचा हात लागला की ससी पिल्लं खाऊन टाकते, असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं नेमकं तेव्हाच आठवलं. दाराच्या फटीला डोळा लावून मी बसलो. ती जवळ जाईना. दूध पाजीना. दिवेलागण झाली तरी नाही. मी कापसाची वात करून शेळीचं दूध घेऊन आलो, तर बायकोनं वाटी हिसकावली. "नरड्यात जाईन, मरतीन. फटीतून हटा आधी. दारात मानूस डोळे वटारून बसला तं कोनती बाई लेकरू पाजवन?"

चुलीपुढचं पिल्लू तोवर वळवळू लागलं होतं. तिनं ते टोपल्यात नेऊन बाकीच्यांच्या मधे सारलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं. मला झोप लागली नाही, आणि उठायची परवानगीही नव्हती.

उजाडल्यावर ती एकटी आत गेली. मी ओट्यावर उभा. मग तिनं मला हाक मारली, अगदी हळू. पिल्लांची पोटं तट्ट भरलेली होती. कातडी इतकी पातळ की आतलं दूध पांढरं दिसत होतं. सगळ्यांचं. चुलीपुढे ऊब दिलेल्याचंही. ससी तिच्या कोपऱ्यात बसून, आपला याच्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं गवत चघळत होती.

मी पुरता हसून घ्यायच्या आत दारात ढोरकी आला. नवं धोतर, कपाळाला गुलाल. "बाबू, शेठजीनं इचारलं, खरूज कशी आहे? उतार असन तं पेटी घेऊन मैदानात या म्हने. साहेबाची ससी पाहाले लोक येऊन राहिले. गूळचने घेऊन आले सारे."

मी छाती काढून सांगणारच होतो की खरूज नव्हतीच, पिल्लं आहेत. तोंडही उघडलं होतं. पण बायको मागून आली आणि माझ्या आधी बोलली.

"सांगजो शेठजीले, खरूज लय वाढली. इकडे कोनालेच पाठवू नोको. तूबी मांग हो."

ढोरकी दोन पावलं मागे झाला, मग भराभरा निघून गेला. मी तिच्याकडे वळलो. "अगं, पोळ्याच्या दिवशी खोटं बोललीस?"

"खोटं कायले?" ती म्हणाली. "तिच्या पोटाले केस आले का आजून?"