झाकणावर बसलेले सासरे

माझे सासरे कुणाच्याही घरी गेले की त्या घरातली माणसं नंतर बघतात, आधी संडासची टाकी बघतात. चपला काढायच्या आधी 'टाकी कुठल्या अंगाला?' असं विचारणारा दुसरा पाहुणा अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला भेटला असेल तर त्यानं मला जरूर कळवावं. आमचं लग्न ठरायच्या वेळी ते गडहिंग्लजहून घर बघायला आले होते. आमचं घर कोल्हापूर शहराच्या पार कडेला. ड्रेनेजची लाइन येणार, येणार म्हणून इथं प्रत्येक निवडणुकीत गाजते, आणि तोवर ज्याची टाकी त्याच्या अंगणात. आमच्या सगळ्या भाऊबंदांत कॉलेजात जाऊन पदवी घेऊन बाहेर पडलेला मी पहिला. ती पदवी फ्रेम करून मी दारासमोरच्याच भिंतीवर लावलीय, येणाऱ्याला दिसावी म्हणूनच लावलीय. मामांनी (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) फ्रेमकडे बघितलं, काचेवर बोट फिरवून धूळ बघितली आणि म्हणाले, "झ्याक हाय. आता टाकी दावा." मागच्या अंगणात जाऊन त्यांनी झाकणाची कडी हलवली, हवेच्या पाइपावर जाळी आहे का ते मान वर करून बघितलं, बाजूचं गवत जास्त हिरवं तर नाही ना हे वाकून बघितलं, आणि परत येऊन मुलगी दिली. माझं शिक्षण बघून दिली, असं आई गल्लीभर सांगते. मी मध्ये बोलत नाही.

माणूस एका जागी ठरत नाही, हा त्यांचा मूळ गुण. गडहिंग्लजच्या पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक आत बसून कळशी वाजवून बघत असतं आणि मालक रस्त्यावर येरझाऱ्या घालत भाव सांगत असतो. चहा ते चालत पितात, त्यामुळे आमच्या घरात बशा कुठल्याही खोलीत सापडतात. एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली तरी जरा वेळानं ती दुसऱ्याला देऊन दाराशी उभे राहतात आणि ड्रायव्हरच्या वतीनं काळजी करतात. सासूबाई सांगतात, "लग्नात अक्षता पडंस्तोवर ह्यास्नी धरून ठेवायला माझ्या भावाला उभं केलतं की मागं." ही सगळी तगमग शेवटी कुठं जाऊन साठत असेल तर टाकीत. आले की घरभर 'गप बसा रं सगळी' अशी हाळी देतात आणि बाथरूमच्या फरशीवर आडवे होऊन जाळीला कान लावतात. डॉक्टर छातीला नळी लावून जसा चेहरा करतो तसा चेहरा. "एकच मोरी तुंबली तर पायपाचं दुखणं," ते उठता उठता सांगतात, "पर समद्या एकदम सुस्तावल्या आणि जाळी गुडगुडाय लागली, की पोट भरलं म्हणून समजा."

पोट हा त्यांचा शब्द. टाकीला ते घरातली एक अबोल, खादाड म्हातारी समजतात. तिला ॲसिड पाजायचं नाही, फिनेलच्या बाटल्या ओतायच्या नाहीत, कारण आतले किडे मेले तर खाणार कोण? इथपर्यंत त्यांचं बरोबर आहे. पण दर अमावास्येला ते तिला ताक आणि गूळ घालतात, ते काही बरोबर नाही. मी इंटरनेटवर वाचून त्यांना स्पष्ट सांगितलं, "मामा, तिला वेगळं काही द्यावं लागत नाही. लागतं ते आपण रोज देतोच." तर म्हणाले, "पावणं, तुमच्या इंटरनेटला पोट हाय का?" एका नातेवाइकाच्या लग्नात त्यांनी कार्यालयातल्या बेसिनपाशी उभं राहून पाणी किती सावकाश उतरतंय ते बघितलं आणि आम्हा सगळ्यांना हाताला धरून पहिल्याच पंगतीला बसवलं. शेवटच्या पंगतीच्या वेळी हात धुवायच्या जागी जे वर आलं त्याचं वर्णन करत नाही. वरपक्ष जेवत होता.

बायकोचं डोहाळजेवण आमच्याच घरी ठरलं. मामा आदल्या दिवशीच हजर झाले आणि आल्या आल्या जाळीला कान लावून म्हणाले, "हिचं लक्षण बरं न्हाय." कार्यक्रमाच्या गडबडीत कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या आंघोळी चालू असताना बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी उलटं वर आलं. घरात एकच कालवा. मामांना मात्र मी इतक्या हुशारीत कधी बघितलं नव्हतं. पाण्याची मोटर बंद केली, सगळ्या नळांना चिंध्या बांधल्या, बायकांना शेजारच्या वहिनींकडे धाडलं, मागच्या अंगणात बिडी ओढत उभ्या असलेल्या माझ्या चुलत्यांच्या तोंडातली बिडी काढून विझवली. "पाण्याचा थेंब सोडायचा न्हाय कुणी. आणि पावणं, तुम्ही गाडीला फोन लावा." मैला उपसायची गाडी राधानगरी रोडला कुठंतरी कामात होती. दुपारनंतर बघतो, गाडीवाला म्हणाला. दुपारनंतर ओटी भरायला बायका येणार होत्या.

इथं माझा धाकटा भाऊ पुढं आला. तो तालमीत घडलेला गडी, आणि आमच्या भागात त्याच्या दमाचा बोलबाला. पंचगंगेत बुडी मारली की काठावरची माणसं घाबरून हाका मारायला लागेपर्यंत वर येत नाही. पैज लावून जिंकलाय. त्यानं शर्ट काढला, पहार घातली आणि झाकण बाजूला सारलं. "गाडी कशाला पायजे? तोंडाशी गाळ बसला असंल. दम धरून उतरतो, पहारीनं ढोसतो, वर येतो." तालमीतली त्याची दोस्तमंडळी दोर घेऊन उभी. आईसुद्धा म्हणाली, "त्याचा दम मोठा हाय." आमच्या घरात दमावर सगळ्यांचा विश्वास. मी फोन कानाला धरून 'अरे थांब, थांब' म्हणतोय, तोवर मामा तिथं पोचले. झाकण दोन्ही हातांनी ओढून परत जागेवर बसवलं आणि त्यावर मांडी घालून बसले.

"मामा, उठा."

"न्हाय उठत."

"अवो, वाससुद्धा न्हाय आता. बघा की, कमी झालाय."

"वास मरतो तवाच भ्यायचं असतं, पैलवान. पयला नाक मारती आतली हवा, मग माणूस."

"मी दम धरणार हाय."

"वर येताना पाय घसरला तर? दम धरून वरडणार कसा तू? आणि तुला काढाय ह्यो दोस्त उतरणार, त्याला काढाय त्यो. वळीनं झोपशिला."

दोस्तांपैकी कुणीतरी हसलं. भावाचे कान लाल झाले. "उचलून बाजूला ठेवीन हां मामा."

"उचल की. आपल्यात तर बसलेलाच उचलत्यात."

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून नेतात. ते वाक्य अंगणात पडलं. भावानं पहार फेकली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आणि मामा बसले. मी घड्याळ बघत होतो, गाडीवाल्याला फोन करत होतो, फाटकापर्यंत जाऊन येत होतो, आणि जन्मात एका जागी न बसलेला माणूस उन्हात त्या काँक्रीटवर बसला होता. बोटं तेवढी गुडघ्यावर नाचत होती. बायकोनं दुपारी चहा नेऊन दिला, तो त्यांनी बसून प्यायला. ती रडकुंडीला आली. "अप्पा, सावलीत चला, तो नाही उतरणार." ते म्हणाले, "अव्वा, तू वर जा. आज तुजा दिस हाय." त्यांच्याकडे कानडी वळणानं लाडक्या लेकीला अव्वा, म्हणजे आई, म्हणून हाक मारतात. डोहाळजेवण शेजारच्या गच्चीवर गेलं. ओटीची ताटं घेऊन आलेल्या बायका मागच्या दारानं जाता जाता झाकणावर बसलेल्या त्या बापाच्या पाया पडत होत्या, आणि ते अगदी गंभीरपणे सांगत होते, "औक्षवंत व्हा. बाजूनं जावा."

ऊन उतरणीला लागलं तेव्हा गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, आता तरी उठाल का?" आधी गाडीचा पाइप त्यांनी डोळ्यांनी बघितला. उठायला गेले तर गुडघे धरलेले, उठवेना. तेव्हा भावानंच पुढं होऊन त्यांना उचललं आणि बाजूच्या खाटेवर ठेवलं, जरा आपटूनच ठेवलं. मामांनी त्याचं मनगट धरलं ते टाकी रिकामी होऊन झाकण परत बसेपर्यंत सोडलं नाही. "सोडा की," तो पुटपुटत होता. "माणसांदेखत लहान पोर केलं माझं." मामा पाइपाकडे बघत राहिले.

त्या दिवशी काहीच घडलं नाही. हे सांगायला गेलो की ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो. भाऊ अजून म्हणतो, मी गेलो असतो आणि आलो असतो. आला असताही. ते आता कधीच कळायचं नाही, आणि कळू नये म्हणून एक माणूस दिवसभर उन्हात बसला.

गुडघ्यांनी तेव्हापासून जो हट्ट धरला तो धरलाच. आता मामांना एसटीची पायरी चढवत नाही, दुकानातही खुर्ची घेऊन बसतात म्हणे. त्यांचा फोन मात्र येतो. नातीचं विचारतात, माझ्या नोकरीचं विचारतात, टाकीचं आता विचारत नाहीत. मग म्हणतात, "पैलवान हाय काय घरात? द्या की." मी फोन भावाकडे देतो. तो तोंड वाकडं करून घेतो आणि म्हणतो, "हाय की मामा, हितंच हाय." पलीकडून "बरं" एवढंच ऐकू येतं आणि फोन बंद होतो. परवा भाऊ तालमीतून यायला उशीर झाला, तर मामांनी फोन ठेवलाच नाही. "बसतो की," म्हणाले, "मला काय काम हाय?"