फाटकावरची छागल

सुशीलाताई गेल्याला पाच आठवडे झाले. त्या सकाळी मी माझ्या सांगानेरच्या घरात तांदूळ निवडत होते, तेवढ्यात तिच्या धाकट्याचा, सतीशचा, फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच बोलला. आणि मी काय विचारावं? "तिकडून कुणी आलं का रे?" तो म्हणाला, "कोण येणार, मावशी?"

आम्ही दोघी नगरकडच्या, नवऱ्यांच्या विम्याच्या नोकरीपायी जयपूरला आलो नि इथंच राहिलो. चर्चमधली उपासना हिंदीत. ती कानाला कळायची, काळजाला नाही. म्हणून राजा पार्क वस्तीत ताईच्या घरी दर गुरुवारी दुपारी आम्हा चार मराठी ख्रिस्ती घरांची प्रार्थना असे. माझी शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं पवित्र शास्त्र, बायबल, वाचूनच शिकलेली. तरी अर्थ सांगायची हौस दांडगी, आणि ताई माझं ऐकायची. तिथंच घात झाला.

तिच्या थोरल्यानं सांगानेरच्या कापडछपाईच्या कारखान्यातली गुलाब बायको करून आणली होती. बाप्तिस्मा नाही, मराठीचा गंध नाही. पाच वर्षांत थोरला स्कूटरवरून पडून गेला. मागे गुलाब आणि तिची चार वर्षांची मुन्नी. मग सतीशचं लग्न झालं, आणि नवी सून रोज म्हणायला लागली, "ती तरी राहील, नाहीतर मी." ताईनं मला विचारलं, "कमल, तू वाचतेस, तूच सांग." मी काय केलं, तर पान उघडलं आणि अब्राहामाची गोष्ट वाचली. त्याची बायको सारा म्हणते, या दासीला आणि तिला तुमच्यापासून झालेल्या पोराला घालवून द्या. आणि देवही म्हणतो, तिचं ऐक. "बघा ताई," मी म्हटलं, "वचन एकाच घराला असतं." केवढ्या तोऱ्यात म्हटलं होतं मी!

मे महिन्यातलं ऊन. ताईनं गुलाबला भाकरी बांधून दिली, कॅनव्हासची छागल गार पाण्यानं भरून दिली. अब्राहामानं दिलं होतं ना, अगदी तसंच. गुलाबनं भाकरी घेतली, छागल फाटकाला अडकवून ठेवली. म्हणाली, "पानी रहने दो अम्मा, आपके काम आएगा." मुन्नीला कडेवर घेऊन निघून गेली.

पुढच्या गुरुवारी ताई म्हणाली, "कमल, त्या दिवशी तू अर्ध्यात थांबलीस. पुढचं वाच." पुढे काय, तर रानातलं पाणी संपतं, आई लेकराला झुडपाखाली टाकून लांब जाऊन रडते, आणि देव त्या लेकराचं रडणं ऐकतो. ताईनं ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट ऐकताना कायम अब्राहामाच्या तंबूत बसतो गं. देव तर बाहेर रानात होता, त्या मायलेकरांपाशी."

गुलाबला शोधत आम्ही दोघींनी सांगानेरचा एकेक कारखाना पालथा घातला. "वो तो कब की चली गई," एवढंच सगळीकडे. ताईला मात्र शेवटचं एक वाक्य सापडलं होतं: अब्राहामाला पुरायला त्याचे दोन्ही मुलगे आले होते, घालवून दिलेलासुद्धा! "माझ्या मातीला तरी त्या दोघी येतील बघ," ती म्हणायची. वाट बघत रोज सकाळी छागल भरून फाटकावर लावायची. अशी सात वर्षं. तिला खोटं कसं पाडू, म्हणून मीही मान डोलवायची.

दफनाच्या दिवशी पाळक म्हणाले, "बहनजी, वचन आप पढ़िए." मी पान उघडलं... आणि पुस्तक त्यांच्याच हातात परत दिलं. सगळे मूठ मूठ माती टाकत होते आणि मी कबरस्तानाच्या फाटकाकडे बघत होते. खड्डा भरला, वर फुलं पडली. कुणी आलं नाही. त्या शास्त्रातल्या मुलाला बाप गेल्याचा निरोप कुणीतरी दिला असेल. गुलाबला कोण देणार? पत्ता ठेवून घ्यायचं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

गुरुवारची प्रार्थना आता बंद आहे. मी अर्थ सांगत नाही, कुणी विचारलं तरी. सतीशनं छागल मला दिली, "तुम्हीच ठेवा मावशी." मधल्या दिवसांत ती वाळून कडक झाली होती. मी ती माझ्या फाटकाला लावून भरली, तर पाणी तळातून झिरपायला लागलं. दुपारपर्यंत रिकामी. रोज भरते, रोज तेच. खाली ओला डाग पडतो, आणि या उन्हात तोही टिकत नाही.