मूल आणलंय
आमच्या माणिकवहिनीला लग्नानंतर पंधरा वर्षं दर हळदीकुंकवाला एकच प्रश्न यायचा, "मूलबाळ?" विचारणाऱ्या बायांचा मला असा संताप यायचा! वहिनी मात्र वाण पदरात घेत म्हणायची, "मूल नाही, बाळ आहे. सत्तरी उलटलेलं, तोंडात एक दात नाही." बाळ म्हणजे माझे वडील. त्यांचं ते नाव या वयातही सुटलेलं नाही.

गेल्या वर्षी वहिनीनं आणि माझ्या भावानं दहा महिन्यांची मृण्मयी दत्तक घेतली. जन्मदाखल्यावर आईच्या जागी वहिनीचं नाव चढायचं तेवढं राहिलं होतं. दत्तकाच्या हुकमाची झेरॉक्स घेऊन ती जन्मनोंदणीच्या दफ्तरात गेली, तर खिडकीतल्या बाबूनं कागद परत सरकवला.

"फोटोकॉपी नहीं चलेगी. मूल लाइए. मूल है ना आपके पास?"

हिंदीतलं मूल म्हणजे अस्सल कागद, हे उज्जैनात जन्मलेल्या बाईला का ठाऊक नसतं? पण घरी आली ती डोळे चमकवतच.

"सुमनताई, पंधरा वर्षं नाही-नाही म्हणून थकून गेली मी. आज हो म्हणणार, तर त्यानं खिडकीच बंद करून दिली. उद्या चला सोबत, मजा येईल."

दुसऱ्या दिवशी नानाखेड्याच्या घरून रिक्षानं आम्ही तिघी पोचलो. वहिनीनं मृण्मयीला उचलून थेट खिडकीच्या फळीवर बसवलं.

"लीजिए, मूल."

"ये क्या है?"

"आपने ही तो मँगवाया था. मराठी में इसी को कहते हैं."

रांग खदखदून हसली. मृण्मयीनं शिक्क्याच्या शाईत पंजा घातला आणि बाबूच्या बाहीवर उमटवला. मी पदर तोंडात कोंबला. बाबू काही हसला नाही.

"मैडम, ऑर्डर?"

आता वहिनीनं पर्समधून अस्सल हुकूम काढून पुढे केला. एखादं अक्षर चुकलं असेल तर? बाबूनं ओळीवर बोट ठेवत सगळं वाचलं, झेरॉक्सशी ताडून पाहिलं, शिक्का मारला आणि मान वर न करता हुकूम परत सरकवला.

"प्रति हम रखेंगे. मूल आपका है, अपने पास रखिए. कोई माँगे तो देना मत."

सगळ्यांना उत्तर देणाऱ्या माझ्या वहिनीचे डोळे वाहायला लागले. तिनं मूल उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि चालायला लागली.

कागद मी उचलला.