योग्य साधन

कवठे महांकाळच्या स्टँडवर आईनं पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भरली, आबांनी पत्रकांचा गठ्ठा. "तिकडं आपली लय पोरं हायती. वाट," ते म्हणाले. मी आणि माझा मित्र बिरू मदुराईला निघालो होतो, सोनं-चांदी गाळायच्या कामाला. आमच्या भागातली पोरं अशीच बाहेर पडतात.

आमच्या घरी देवाच्या आधी पत्रक. हुंडा, बुवाबाजी, पाणी; मजकूर आबांचा, घड्या माझ्या. एड्सवरचं तेवढं मी लिहिलं होतं, कॉलेजात असताना. आबांनी प्रूफ तपासताना 'कंडोम' खोडलं आणि वर 'योग्य साधन' लिहिलं. "बायाबी वाचत्यात." एरवी भाषणं ठोकणारा मी गप्प बसलो.

गाडीत बिरूनं ते वाचलं. "योग्य साधन म्हंजी काय रं गड्या? पाना-पक्कड?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसण्यात सांगायचं राहून गेलं.

गावात मेडिकलवाला भावकीतला, म्हणून पाकीट मागायची सोय नव्हती. मदुराईत आम्हाला कुत्रं ओळखत नव्हतं, तरी बिरूचं तोंड उघडलं नाही. कामावरची माणसं ज्या बायांकडं जायची तिथं तोही जायचा. मला ठाऊक होतं.

चार वर्षांनी त्याचं लग्न ठरलं. मी हट्टानं रक्त तपासायला नेलं. एचआयव्ही निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज गोळ्या घेतल्या तर संसार नीट होईल, पण मुलीला आधी सांगा. त्यानं स्वतः फोन करून सांगितलं. सोयरीक मोडली, गावभर झालं; आता त्याला दारात कुणी उभं करणार नव्हतं. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. भट्टी पेटवली आणि कामाला लागलो.

परवा नवं पत्रक लिहून आबांना पाठवलं. तो शब्द त्यात तीनदा आहे. त्यांचा फोन आला.

"जत्रंत वाटायचं हाय रं हे."

"शब्द ऱ्हाईल, आबा. न्हाईतर पत्रकच नको."

मग आबा म्हणाले, "बिरू कसा हाय?"

"गोळ्या घेतोय."

"किती परती काढू?"

मला बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. सकाळचा आठचा गजर झाला, बिरूनं गोळी काढली, मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

घरी कधी येणार, असं तुम्ही गावाकडचे सगळे विचारता. ज्या दारात बिरूला आत ये म्हणतील, ते माझं घर. सध्या ती मदुराईतली ही खोली आहे.