उजवीकडची फीत

धावणाऱ्यांच्या क्लबात त्यांना सगळे कवळीकाका म्हणत. दंतवैद्यांना कवळ्या बनवून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात, मागच्या खोलीत, ते एकतीस वर्षं बसत आले होते. समोर प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायचा दिवा, बाजूला घासायचं चाक. पेशंटचं तोंड कधी दिसायचं नाही. यायचा तो जबडा आणि त्यावर चिकटवलेला नंबर. "अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं," ते म्हणायचे, "पण रस्त्यात माझ्याकडे बघून हसेल असा एक प्राणी नाही."

लग्न राहून गेलं ते गेलंच. घरात थोरली बहीण आणि आई. आईला पाच वर्षांपासून काही म्हणता काही आठवत नव्हतं. तिचं सगळं ताईच करायची. क्लबात जायचा लकडाही ताईनेच लावला. "दोघांनी एकाच खुंटीला बांधून घ्यायचं कशाला? रविवारचा तू तरी बाहेर पड."

क्लबात चाळीसेक माणसं होती. धावणं निम्मं, गप्पा दुप्पट. काका धावायला अगदीच यथातथा, पण त्यांनी आपलं काम शोधून काढलं. टेकड्यांवर जायचं असलं की आदल्या दिवशी दुपारी ते एकटेच वर जात आणि जिथे वाट फुटते तिथे योग्य बाजूला लाल फीत बांधत. रविवारी सगळ्यांच्या मागून येत फिती सोडवून घेत. मागे राहिलेलं कुणी ना कुणी सोबतीला असायचंच, त्यामुळे बोलायलाही माणूस मिळायचं. तीन वर्षांत एकही जण वाट चुकला नव्हता, आणि काका ही गोष्ट महिन्यातून एकदा तरी ऐकवायचे.

त्या रविवारी सकाळी आठलाच ऊन मी म्हणत होतं. क्लबाचे कप्तान, म्हणजे विमा विकणारे एक उंच, खणखणीत आवाजाचे गृहस्थ, सगळ्यांना बजावत होते, "दहाच्या आत खाली. पाणी जपून. शूरपणा कुणी करायचा नाही."

काकांच्या सोबत मागे राहिल्या पोस्टातल्या बाई. दुसऱ्या टेकडीवर त्या एका दगडावर बसल्याच.

"काका, तुम्ही व्हा पुढे. माझं काही खरं नाही."

"माझं तरी कुठे खरंय? बसा निवांत. टेकडी काही पळून जात नाही."

तिसरी टेकडी ओलांडल्यावर एक कोरडी टाकी लागते. तिथून डावी वाट खाली गाड्यांकडे उतरते आणि उजवी बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत जाते, जिथे ना झाड ना सावली. काका टाकीपाशी आले आणि थबकले. फीत उजवीकडच्या झुडपाला होती.

"कुणीतरी खोडी केलेली दिसतेय," बाई म्हणाल्या.

काकांनाही तसंच वाटलं. काल चार वाजता त्यांनी इथे फीत बांधली होती, डावीकडच्या वाकड्या झाडाला. बांधताना बोटात काटा घुसला होता, तेही आठवत होतं. ते फीत सोडवायला पुढे झाले. दोन वेढे, मग टोक आत दडपलेलं. कारखान्यात साच्याला तार बांधायची त्यांची हीच पद्धत होती. क्लबातल्या दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. त्यांनी डावीकडच्या झाडाला हात लावून पाहिला. खोड गुळगुळीत होतं. काटे उजवीकडच्या झुडपाला होते. आणि त्यांच्या बोटावर कालचा लाल ठिपका अजून होता.

विसरले असते तर एक वेळ चाललं असतं. विसरायला सगळेच विसरतात. इथे त्यांची लख्ख आठवणच खोटी निघाली होती.

तेवढ्यात खालून हाका ऐकू आल्या. पुढचे लोक वाट ठाऊक असल्याने फितीकडे न बघताच डावीकडे उतरले होते. मधले सात जण फितीवर विश्वास ठेवून खाणीत गेले, तासभर भटकले, पाणी संपलं. औषधांच्या दुकानाचे मालक, धट्टेकट्टे पंचेचाळिशीचे, कोसळले होते. अंग विस्तवासारखं आणि बोलणं असंबद्ध. त्यांना उचलून गाडीपर्यंत आणायला सव्वा तास लागला. हॉस्पिटलात चार दिवस त्यांचं खाली-वर चाललं. जगले, पण मूत्रपिंडं जायबंदी झाली ती कायमची.

हॉस्पिटलच्या जिन्यात कप्तान मूठ आपटत म्हणाले, "कुणा टवाळाने फीत हलवली कळू दे मला!"

"कुणी नाही हलवली. मीच बांधली होती तिथे," काका म्हणाले.

"काका, उन्हाने तुमचंही डोकं तापलंय. तीन वर्षांत तुमची एक चूक नाही."

"पण गाठ माझी होती."

"घरी जा, पडा जरा," कप्तान त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाले. मग काकांनी आणखी दोघांना सांगून पाहिलं. त्या दोघांनीही पाठीवर थोपटलं. गेल्या महिन्यात कारखान्यात काकांनी चौदा नंबरच्या वरच्या कवळीबरोबर एक्केचाळीसची खालची पाठवली होती. तेव्हा मालक हसले होते, काकाही हसले होते.

घरी ताई आईचे केस विंचरत होती. काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती 'छे, काहीतरीच' म्हणेल म्हणून ते वाट बघत राहिले. ताई बराच वेळ गुंता सोडवत होती.

"मला दिवाळीपासून दिसतंय," ती म्हणाली.

"काय दिसतंय?"

"एकच गोष्ट दोनदा सांगतोस. गॅस चालू ठेवतोस. आईचंही असंच सुरू झालं होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलून काय झालं असतं? तुझे तेवढे महिने तरी बरे गेले."

डॉक्टरांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि दहा मिनिटांनी विचारले. काकांना दोन आठवले. तिसरा त्यांनी ठासून सांगितला, तो यादीत नव्हताच. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, गोळ्यांनी वेग थोडा कमी होतो, थांबत नाही. कारखान्यात मालकांनी त्यांना नंबरांच्या कामावरून काढून नुसतं प्लास्टर कालवायला बसवलं. औषधवाल्यांच्या घरी काका माफी मागायला गेले. त्यांच्या बायकोने पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. पण पुन्हा येऊ नका." क्लबातून दोन-तीनदा फोन आले, मग थांबले.

एका दुपारी आईने अंथरूण ओलं केलं. ताईचे गुडघे धरले होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"माझं वय एकसष्ट," ती एकदम म्हणाली. "तुम्हा दोघांच्या आधी मी जायचं नाही. एवढंच आता बघायचं."

काका दारातच उभे होते.

"उभा काय राहिलास? चादरीचं ते टोक धर."

त्यांनी टोक धरलं.