धूर भाईर, तुम्ही बसा

गिऱ्हाइकाच्या ओठांतली पेटती सिगारेट तो दोन बोटांनी उपटायचा आणि त्याच्याच पाण्याच्या ग्लासात बुडवायचा. "धूर भाईर. तुम्ही बसा," एवढंच म्हणायचा. क्रांती चौकाजवळच्या एका हॉटेलात तो वाढपी होता. सगळे त्याला मामा म्हणत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नियम त्यांनी केलेला नसतो, पण तो मोडला की आपल्यालाच कुणी मारल्यासारखी ती उसळतात.

मूळचा देवगाव रंगारीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. आवाज माळावरचा, हातही तसाच. एकदा त्याच्या मेव्हण्यानं आत बिडी पेटवली. मामानं सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात दिली आणि मग स्वतःच त्याच्या ताटात शेवभाजी वाढली. "खा. रडू नको."

गंमत म्हणजे बिडी त्यालाही लागायची. भर उन्हात रस्त्यावर उभा राहून ओढायचा.

मी जवळच्याच विमा कचेरीत कामाला. सिगारेट ओढणारा, त्यामुळं आमचा रोजचा वाद.

"मामा, छाती माझी, फुप्फुसं माझी. तुम्ही कोण अडवणार?"

"छाती तुमचीच हाय, सायेब. पन आत पोळ्या लाटनाऱ्या सखूबाईला दमा हाय. तिनं काय गुन्हा केला?"

"मग तिनं दुसरीकडं काम बघावं."

त्यानं माझ्यापुढं ताट ठेवलं. "लई शिकले तुम्ही," म्हणाला.

एका दुपारी चौघे जण जेवायला आले. एकानं सिगारेट पेटवली, मामानं उपटली.

"हात कायको लगाया बे?" तो माणूस उठला.

मी शेजारच्या टेबलावरून शहाणपणानं म्हणालो, "ओढू द्या की मामा. त्यांचा हक्क आहे."

तो माणूस माझ्याकडं बघून हसला आणि त्यानं दुसरी पेटवली. मामानं तीही हिसकावली आणि वर एक थप्पड ठेवून दिली.

पाण्याचा स्टीलचा जग मामाच्या डाव्या कानावर बसला. तो कोसळला. चौघांनी त्याला बुटांनी तुडवलं. एकानं त्याचा हात फरशीवर दाबला आणि पेटती सिगारेट तळव्यावर विझवली. कातडं जळल्याचा वास आला. मामानं समोरची पोटरी दातांत धरली, ती रक्त येईस्तोवर सोडलीच नाही. सांडलेल्या वरणात रक्त मिसळलं. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो.

सखूबाई धापा टाकत बाहेर आली. हातात उकळत्या रश्श्याचं पातेलं. "सोडा त्याला!" म्हणत तिनं ते भिरकावलं. दोघं भाजून किंचाळले, मग चौघंही पळाले.

पोलिसांना दिलेल्या जबाबात मी माझं 'ओढू द्या की' हे वाक्यही सांगितलं. हवालदारानं ते लिहिलं नाही. "ते काय कामाचं नाय," म्हणाला. मालकानं मात्र मामालाच काढलं. गिऱ्हाइकावर हात टाकला म्हणून.

दोन महिन्यांनी मी त्याच्या गावी गेलो. माळावर तो भावाच्या मेंढरांमागं चालला होता. मी डावीकडून गाठलं आणि वाटभर घोकलेलं बोलून टाकलं, "मामा, चुकलं माझं. त्या माणसाला जोर माझ्यामुळं आला."

त्यानं मानही वळवली नाही. चालत राहिला.

बांधावरून त्याची बायको ओरडली, "त्या कानानं ऐकू येत न्हाय त्यास्नी! दुसऱ्या अंगानं जा!"

मी वळसा घालून उजवीकडं गेलो. तोवर सगळा धीर सरला होता. "बरे आहात ना?" एवढंच विचारलं.

"व्हय," तो म्हणाला आणि मेंढरांमागं चालत गेला.