नत्थूभाऊचं नाक

लाखनीत नवी गाडी आली की आधी हार, मग नारळ आणि मग नत्थूभाऊचा सल्ला, असा क्रम ठरलेला. नत्थू भुरे सव्वीस वर्षांपासून मारुती व्हॅन चालवतो. भंडाऱ्याच्या दवाखान्यात माणसं नेतो, परत आणतो, आणि घरचं दोन एकर धान पिकवतो. शिक्षण सातवी, पण पेट्रोलच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. कोणत्या कंपनीचं आहे ते मी नाकानं सांगतो, असं तो म्हणायचा आणि आम्ही माना डोलवायचो. मी तर हायस्कूलात विज्ञान शिकवतो, म्हणजे माझी मान जरा कमी डोलायला हवी होती.

त्याचं म्हणणं एकच. गावातल्या जुन्या पंपाची कंपनी चांगली, दुसऱ्या कंपनीचं पेट्रोल पातळ. पुरावा म्हणून तो वरातीची गोष्ट सांगायचा. वीस वर्षांपूर्वी त्याने त्या दुसऱ्या कंपनीचं पेट्रोल भरलं, आणि साकोलीच्या रस्त्यावर व्हॅन बंद पडली. नवरदेवाला ट्रॅक्टरवर बसून मांडवात जावं लागलं. ही गोष्ट गावातल्या पोरासोरांनाही पाठ होती.

या मार्चमध्ये त्याच दुसऱ्या कंपनीचा नवा पंप हायवेवर सुरू झाला, आणि तिथे सुपरवायझर म्हणून कोण लागलं? नत्थूभाऊचीच मुलगी टीना. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, गावातली पहिली मुलगी जी पंपाची चावी कमरेला लावून फिरते. पण गावातलं एक चाक तिकडे वळेना. ट्रकवाले डिझेल भरायचे, पेट्रोलची मशीन मात्र उभी. मालकाने तिला स्पष्ट सांगितलं, दिवाळीपर्यंत पेट्रोल खपलं नाही तर सुपरवायझर ठेवणार नाही. आणि खपत का नव्हतं, तर तिच्या बापाच्या जिभेमुळे.

मला नत्थूभाऊचा मनापासून राग आला. त्याच्या बायकोला, मंदाबाईला, माझ्याहून जास्त आला असणार. तिने महिनाभर त्याच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. तरी हा हटेना. पोरीसाठी खोटं बोलू का, असं विचारायचा. पाण्यात राहून कोरडा, असा माणूस.

शेवटी ऑगस्टमध्ये धानाची रोवणी आटोपल्यावर टीनाच माझ्याकडे आली. म्हणाली, सर, बाबांची परीक्षा घ्यायची आहे, चारचौघांत. तीन काचेच्या बाटल्या तिने भरल्या, माझ्यासमोर. बुडाला चिठ्ठ्या मी चिकटवल्या. बाटली हुंगून पंप ओळखायचा, असा नत्थूभाऊला निरोप गेला तेव्हा तो हसला आणि नव्या सदऱ्याची घडी मोडून आला.

चौकातला चहावाला कैलाश घाबरला, त्याने आम्हा सगळ्यांना भट्टीपासून लांब, पिंपळाखाली हाकललं. तीसेक माणसं जमली. टीना एका बाजूला उभी राहून हातातली चावी सारखी फिरवत होती.

नत्थूभाऊने पहिली बाटली हुंगली. थेंब मनगटावर घेतला, उडून जाऊ दिला. मग दुसरी. मग पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. कपाळाला घाम आला. तिसरी मात्र नाकाजवळ नेली आणि लगेच खाली ठेवली.

"हे शिळं आहे. डब्यात पडून राह्यलेलं. गाडीत टाकसान तर गाडी खोकलून राहील."

लोक खुश झाले. कोणीतरी म्हणालं, तेच नव्या पंपाचं. आता पहिल्या दोन बाटल्यांबद्दल त्याने काहीही ठोकून दिलं असतं तरी बरोबर निघायची अर्धी संधी होतीच. मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याने टीनाकडे पाहिलं.

"ह्या दोघायतला फरक मले समजत नाही," तो म्हणाला. "लबाडी कायले करू?"

मी चिठ्ठ्या वाचल्या. पहिली जुना पंप, दुसरी नवा पंप. तिसरीही जुनाच पंप, फक्त पाच महिन्यांपूर्वीचं. उन्हाळी धानाला बोडीचं, म्हणजे शेताजवळच्या तळ्याचं, पाणी घ्यायला घरी जे इंजिन आहे, त्याच्यासाठी नत्थूभाऊनेच आणून गोठ्यात ठेवलेलं. तिथून ते टीनाने काढलं होतं.

मग तिने दोन मिनिटांत सांगितलं. इथेनॉल दोन्हींत सारखंच मिसळलेलं, गाडी आतून साफ ठेवायचं औषध तेवढं कंपनीगणिक थोडं वेगळं. पण पंपाच्या टाकीत पाणी शिरलं, किंवा माल महिनोन्‌महिने पडून राहिला, तर कोणतीही कंपनी तुम्हाला वाचवत नाही.

नत्थूभाऊने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"त्या वरातीच्या दिवशी माह्या गाडीचं फिल्टर चोंदलं होतं. मेकॅनिकनं मले दाखवलं होतं. मी वीस वर्सं कोनाले सांगतलं नाही. आज नाक खरं निघालं, तोंड खोटं."

कोणी हसलं नाही. माझा तर सगळा राग तिथेच विरघळला. वीस वर्षांची आपली गोष्ट आपल्याच हाताने मोडायला छाती लागते, आणि ती त्या सातवी पास माणसात होती.

तो व्हॅनमध्ये बसला आणि थेट नव्या पंपावर गेला. मागे माझी स्कूटर, तिच्यामागे आणखी पाच-सात गाड्या. तिथे पोहोचल्यावर पोरीचे लाड नाहीत. आधी मशीनवर शून्य दाखव म्हणाला, मग फिल्टर पेपर मागितला. टीनाने त्यावर थेंब टाकला. थेंब उडाला, कागद डाग न पडता कोरा राहिला, म्हणजे भेसळ नाही. बापाने तो उन्हात धरून दोन्हीकडून पाहिला, आणि मग म्हणाला, टाकी फुल कर. टीनाने नोझल लावलं. भरल्या डोळ्यांनी तिने टाकी फुल केली.

तो कोरा कागद त्याने व्हॅनमध्ये, देवाच्या फोटोशेजारी चिकटवला आहे. दिवाळी होऊन गेली, टीना पंपावरच आहे. नत्थूभाऊचा मान उलट वाढला. परवाच शहापूरच्या एकाने नवी कार घेतली आणि विचारलं, भाऊ, कंपनी कोणती चांगली?

"कंपनी नको पाहू," नत्थूभाऊ म्हणाला. "टाकी कोन सांभायते ते पाह्य. हायवेवरची टाकी माही पोरगी सांभायते."